खाकी कागदातलं पुडकं

६ जानेवारी, सोमवार

औषध कंपनीचा बॅगवाला आज नव्या वर्षाची डायरी देऊन गेला. दरवर्षी देतो, आणि दरवर्षी ती दुकानात गल्ल्याशेजारी पडून राहते. यंदाची कंपनी पोट साफ करणाऱ्या गोळ्यांची आहे, त्यामुळे प्रत्येक पानाच्या तळाशी एक सुविचार छापलाय. आजचा असा: ‘जे आत साठतं, तेच माणसाला छळतं.’ वाचून दचकलेच. म्हटलं, एवढे तज्ज्ञ लोक सांगतायत तर साठलेलं इथेच बाहेर काढावं.

तर, मी औषधांचं दुकान चालवते. सासऱ्यांनी ते काढलं आणि त्यांच्यानंतर माझ्याकडे आलं, कारण त्यांच्या मुलाला औषधांच्या वासानेच मळमळतं. सासऱ्यांनी दोन नियम घालून दिले. नाजूक वस्तू खाकी कागदात बांधून, दोऱ्याची गाठ मारून द्यायची. आणि देताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं नाही, औषधाकडे बघायचं. मी दोन्ही पाळले. त्यामुळे निम्म्या वस्तीची गुपितं मला ठाऊक आहेत आणि ती कोणाची ते मात्र ठाऊक नाही, असं मला दाखवता येतं.

सासऱ्यांचा मुलगा म्हणजे माझा नवरा. तो लोकांना गाडी चालवायला शिकवतो, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात आणि आता मीही म्हणते. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही ब्रेक असतो. आयुष्यभर तो दाबून दाबून पायाला अशी सवय लागलीय की टीव्हीवर गाडी वळली तरी मास्तरांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो.

आता साठलेलं. गेलं वर्ष-दीड वर्ष मास्तर जवळ आले की मला दुखतं. मनात नाही, शरीरात. आत कोरडं, ओरखडल्यासारखं, आणि नंतर दिवसभर आग. पाळी जाऊन दोन वर्षं होत आली. आधी दात आवळून सोसलं, मग सबबी काढायला लागले. बाकीच्या बायकांना डोकेदुखीचा आधार असतो. मला तोही नाही, कारण मास्तर लगेच म्हणतात, अगं, घरात गोळ्यांची खाण आहे, घे की एक. म्हणून मी कंबर, दुकानातली मोजदाद आणि लेकीचा फोन या तीन सबबी आलटून पालटून वापरते. हल्ली इच्छाही होत नाही. जिथे चटका बसतो तिथे परत हात कोण नेईल?

लेक शिकायला बाहेरगावी गेली, तिची खोली रिकामी झाली. तेव्हा मास्तर म्हणाले, मी फार घोरतो, तुझी झोपमोड होते, मी तिकडे झोपत जाईन. मास्तर घोरत नाहीत. तरी मी इतक्या चटकन ‘बरं’ म्हणाले की माझी मलाच लाज वाटली.

शिंका सुरू झाल्या. दुकानातली धूळ आणि माझं नाक यांचं जुनं वैर आहे. पिवळी गोळी घेते आणि पडते.

१२ जानेवारी, रविवार

रविवारी दुपारी दुकान बंद असतं. एके काळी ही दुपार आमची होती. लेक शिकवणीला गेली की आम्ही पडदे ओढून घ्यायचो. शेजारीण एकदा म्हणाली होती की तुम्ही नवरा-बायको रविवारीसुद्धा हिशेब करत बसता, कमाल आहे. मी म्हटलं होतं, काय करणार, वेळच्या वेळी केलेला बरा.

आज मास्तर लेकीच्या खोलीत शब्दकोडं सोडवत होते आणि मी माळा झाडत होते. मग शिंका, मग गोळी, मग झोप. उठले तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं होतं. पंख्याचा वारा बाधतो मला.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज गणिताच्या बाई आल्या. मला सातवीत अपूर्णांक त्यांनीच शिकवले. निवृत्त झाल्यावर, साठी उलटल्यावर, त्यांनी एका निवृत्त ग्रंथपालांशी लग्न केलं. तेव्हा ज्यांनी ज्यांनी नावं ठेवली त्या सगळ्यांना बाईंनी घरी जेवायला बोलावलं होतं आणि सगळे गेले होते.

दुकानात पाच-सहा माणसं उभी. बाईंचा आवाज अजून वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. म्हणाल्या, “जवळ येताना लावायची ती ओलाव्याची जेल दे. मागच्या वेळची फार चिकट होती.”

रांगेतले एक गृहस्थ खोकल्याची बाटली उलटी धरून वाचायला लागले. मी नियमाप्रमाणे औषधाकडे बघत ट्यूब काढली आणि खाकी कागद ओढला. बाईंनी विचारलं, कागद कशाला, चोरीचा माल आहे का? आणि ट्यूब तशीच पर्समध्ये टाकली. एवढ्यावर थांबतील तर त्या बाई कसल्या. मला विचारलं, तू कुठली वापरतेस? मी पुटपुटले की मला नाही लागत. त्यांनी वय विचारलं, मी एक्कावन्न सांगितलं.

“मग लागेल,” बाई म्हणाल्या. “आणि तेवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टरकडे जा. सहन करत बसू नकोस. सहन करण्याला मार्क नसतात.”

त्या गेल्यावर उरलेल्या सगळ्यांनी फक्त तापाच्या गोळ्या मागितल्या.

१९ जानेवारी, रविवार

बाईंवाली जेल माझ्या हाताच्या अंतरावर होती. पण ती घेतली असती तर बाईंचं खरं झालं असतं. म्हणून मी बॅगवाल्याने फुकट दिलेली गुलाबी बाटली घरी आणली. त्यावर फुलं होती आणि ‘नाजूक भागाला नवा ताजेपणा’ असं लिहिलं होतं. गिऱ्हाइकाने विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं, सुवासिक काही तिथे लावू नका. पण आपण स्वतःचं गिऱ्हाईक झालो की अक्कल दुकानातच ठेवून येतो.

अशी काही आग झाली की मी टबात थंड पाणी भरून त्यात बसले. बऱ्याच वेळाने मास्तरांनी दार वाजवलं. पाय घसरला का, म्हणाले. नाही म्हटलं. साबण संपला का? नाही. मग काय करतेयस आत? विचार करतेय, म्हटलं. मग म्हणाले, पाण्यात?

गुलाबी बाटलीने नंतर न्हाणीघराची फरशी धुतली. फरशीला ताजेपणा आलाय.

३ फेब्रुवारी, सोमवार

मास्तरांचं काहीतरी बिनसलंय. मिशा रंगवल्यात. सकाळी उठून चालायला जातात. माझ्यासमोरून जाताना पोट आत ओढून श्वास धरतात आणि दाराबाहेर गेल्यावर सोडतात, ते मला ऐकू येतं.

आज तर हद्द झाली. आमच्या रस्त्याच्या टोकाला ते नवं काचेच्या दाराचं औषधांचं दुकान आहे ना, त्यातून मास्तर बाहेर पडले. माझ्या डोळ्यांदेखत. हातातलं चिमुकलं पुडकं खिशात कोंबलं आणि चोरासारखं इकडेतिकडे बघितलं. बायकोचं दुकान चार पावलांवर असताना माझा नवरा शत्रूच्या दारात!

घरी आल्यावर विचारलं. घशाच्या गोळ्या होत्या म्हणे. मी म्हटलं, घशाच्या गोळ्यांच्या अख्ख्या बरण्या आहेत माझ्याकडे, त्यांच्याकडे काय वेगळं मिळतं? थंड हवा? मास्तर खाली बघत म्हणाले की काही गोष्टी तुझ्याकडून घ्यायला बरं वाटत नाही. म्हणजे माझा माल खराब का? यावर ते शिकवणीला निघून गेले. लोकांना कळलं तर काय म्हणतील, दुकानदारणीचा नवराच तिच्याकडून औषध घेत नाही. माझा संताप अजून उतरलेला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

मास्तरांना सर्दी झाली. होणारच, काचेच्या दुकानातली थंड हवा खाल्ल्यावर दुसरं काय होणार.

दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते, तर मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे. अत्तर लावलेलं. चेहरा लालबुंद, कान तापलेले, नाक चोंदलेलं. डोकं जड झालंय का विचारलं, तर थोडंसं म्हणाले. मी क्षणाचाही विलंब केला नाही. थर्मामीटर लावलं, वाफ दिली, माझी पिवळी गोळी घशात घातली आणि लेकीच्या खोलीत नेऊन ब्लँकेटखाली दाबून झोपवलं. मधे दोनदा म्हणाले, “अगं, मला सर्दी नाही झालेली.” प्रत्येक पेशंट असंच म्हणतो.

दिवेलागणीपर्यंत गाढ झोपले. माझं निदान सहसा चुकत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मास्तर आज जेवताना सहज बोलल्यासारखं म्हणाले की माझं कपाट लेकीच्या खोलीत हलवून घेतो, सारखं कपड्यांसाठी तुझ्या खोलीत यायला लागतं, तुला त्रास. सुताराला सांगितलंय. सुतार म्हणाला, मार्चअखेर येतो.

माणूस दुसऱ्या खोलीत झोपतो त्याला आजारपण म्हणता येतं, घोरणं म्हणता येतं. कपाट गेलं की मग काही म्हणता येत नाही. ते आमच्या लग्नात घेतलेलं जोडकपाट आहे, अर्ध्यात त्यांचे कपडे, अर्ध्यात माझे. सुतार ते मधोमध सोडवून दोन करणार आहे.

कपाट जाऊ नये असं मला वाटतं. एवढंच मास्तरांना सांगायचं होतं. मी म्हटलं, सुताराला सांगा, फरशीवर ओरखडे नको.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गेले. बाईंनीच पत्ता सांगितला, स्त्रियांच्या डॉक्टर, त्यांची विद्यार्थिनी, माझ्यानंतरच्या वर्गातली. डॉक्टरांचं अक्षर मला कधीपासून ओळखीचं, त्यांच्या चिठ्ठ्या माझ्याच दुकानात येतात. चेहरा आज पहिल्यांदा पाहिला. मी कोण ते कळल्यावर म्हणाल्या, म्हणजे माझं अक्षर वाचता येणारी या गावातली एकमेव व्यक्ती तुम्हीच.

मग काय होतंय ते सांगायची वेळ आली. सवयीने मी बघायला टेबलावर औषध शोधलं, तिथे नुसता पेपरवेट होता. डॉक्टरांनी घाई केली नाही. शेवटी मी ते पेपरवेटला सांगितलं, सगळं, गुलाबी बाटलीसकट.

तपासणी अगदी हलक्या हाताने केली, प्रत्येक वेळी विचारून. मग समजावलं. पाळी गेली की शरीरातलं एक संप्रेरक कमी होतं, आतली त्वचा पातळ आणि कोरडी पडते. म्हणून दुखतं. दोन-चारदा दुखलं की शरीर ते लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी काही व्हायच्या आधीच खालचे स्नायू आपोआप आवळले जातात, त्याने आणखी दुखतं. मग इच्छा पळून जाते, तिला दोष देऊन उपयोग नाही. मला मास्तरांचा टीव्हीसमोरचा पाय आठवला आणि मी तो डॉक्टरांना सांगितला. त्या हसल्या. म्हणाल्या, अगदी तसंच, गाडी कुठेच नाही आणि तुमचा पाय ब्रेकवर आहे.

तिथे लावायचं मलम दिलं, अगदी थोड्या मात्रेचं. बाईंवाली जेल. श्वास सोडत ते स्नायू सैल करायचा व्यायाम. आणि सध्या संबंध बंद. जवळ बसायचं, हात लावायचा, गप्पा मारायच्या, त्यापुढे जायचं नाही. मी म्हटलं, त्यापुढे कोणी जातच नाहीये.

“वय झालं, आता संपलं, असं मनात असेल तर काढून टाका,” डॉक्टर म्हणाल्या. “ही तक्रार आहे आणि तिला उपाय आहे. पण नवऱ्याला सांगावं लागेल.”

दुसरी काही औषधं चालू आहेत का, हेही विचारलं. मी म्हटलं, छे, मी गोळ्या विकते, खात नाही. बोलून तोंड कोरडं पडलं होतं, बाटलीतलं अर्धं पाणी तिथेच संपवलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

स्वतःची चिठ्ठी घेऊन स्वतःच्या दुकानात गेले. दुसरीकडे जावं तर ते काचेचं दार. गिऱ्हाईक नसताना मलम आणि जेल काढली, आणि काय करतेय ते कळायच्या आत खाकी कागदात बांधून दोऱ्याची गाठही मारून झाली होती. कोणापासून लपवलं? दुकानात मी एकटी होते.

नवऱ्याला सांगायचं औषध मात्र अजून उघडलेलं नाही. मलमाने बरं वाटलं की सांगेन. आधी गुण, मग जाहिरात.

२५ मार्च, मंगळवार

परत दाखवायला गेले. त्वचा सुधारलीय, आग गेलीय, व्यायाम जमतोय. पण कोरडेपणा हवा तितका कमी नाही. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून कागद बघत होत्या. तेवढ्यात मला शिंका सुरू झाल्या. मी पर्समधून गोळी काढून तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायले.

डॉक्टरांनी विचारलं, हे काय घेतलंत?

मी म्हटलं, हे काही औषध नाही, ही आपली शिंकांची गोळी.

“रोज घेता?”

“सकाळी एक, संध्याकाळी एक. धूळ जास्त असली तर मधे अजून एक. दुकान सांभाळायला लागले तेव्हापासून.”

डॉक्टर खुर्चीत मागे टेकल्या. म्हणाल्या, तुम्ही ही गोळी गिऱ्हाइकाला देता तेव्हा काय सांगता? मी पाठ केलेलं घडाघड म्हणून दाखवलं, “झोप येईल, गाडी चालवू नका. तोंड कोरडं पडेल, डोळे कोरडे...” आणि तिथेच थांबले. नाकाचं पाणी आटवणारी गोळी. तिला काय ठाऊक, नाक कुठे संपतं. ही वाळू, ही टाळूला चिकटलेली जीभ, हे पाण्याचे घोट, आणि मी पंख्याला शिव्या घालत होते.

डॉक्टरांनी हसू दाबायचा प्रयत्न केला पण त्यांना जमलं नाही. मग सांगितलं की मूळ कारण पाळी जाण्याचंच आहे, या गोळीने त्यात भर घातली. ती बंद. नाकात मारायचा फवारा दिला, दुकान झाडताना तोंडावर फडकं बांधायला सांगितलं. शेवटी विचारलं, नवऱ्याला सांगितलंत?

सोमवारी सुतार येतोय, मी म्हटलं. डॉक्टरांना त्याचा अर्थ लागला नाही आणि मी सांगितला नाही.

आजचा सुविचार: ‘दुसऱ्याला सांगितलेला पथ्याचा नियम आधी स्वतः पाळा.’ या पोटवाल्यांनी माझ्यावर पाळत ठेवलीय.

२९ मार्च, शनिवार

सांगितलं.

घरात सांगता येईना. दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा भाजीचं बोलले. मग संध्याकाळी उठून मास्तर शिकवतात त्या मैदानावर गेले. शेवटचा विद्यार्थी निघून गेला होता. मी दार उघडून शिकणाऱ्याच्या जागेवर, चाकासमोर बसले. मास्तर घाबरलेच. लग्नानंतर मला एकदाच शिकवायला घेतलं होतं, त्यानंतर आमचा अबोला चालला होता.

गाडीत एक सोय असते. दोघंही पुढे बघतात.

“मला दुखतं,” मी म्हणाले.

“कुठे? छातीत?”

“तुम्ही जवळ आलात की. आत. दीड वर्ष झालं.”

गाडी बंद उभी होती, तरी मास्तरांचा पाय ब्रेकवर दाबला गेला. मी थांबले नाही, थांबले असते तर राहूनच गेलं असतं. बाईंची जेल, डॉक्टर, मलम, व्यायाम, पिवळी गोळी, सगळं काचेतून समोर बघत सांगितलं. मास्तरही समोरच बघत ऐकत होते. मग त्यांनी घसा खाकरला.

“मला वाटलं, तुला माझा कंटाळा आलाय. मी म्हातारा दिसायला लागलो म्हणून.”

म्हणून मिशा रंगवल्या का, मी विचारलं. हो म्हणाले, आणि पोटही. मग अगदी हळू म्हणाले, “आणि त्या घशाच्या गोळ्या नव्हत्या.”

क्षणभर काही कळेना. मग लालबुंद चेहरा, तापलेले कान, चोंदलेलं नाक, सगळं एकदम डोक्यात उजाडलं. पुरुषांनी जवळ येण्याआधी घ्यायच्या त्या गोळीने काय काय होतं ते मी किती जणांना सांगितलंय, औषधाकडे बघत. स्वतःच्या नवऱ्याच्या तोंडावर दिसलं तर ओळखता आलं नाही.

“मी तुम्हाला वाफ दिली,” मी म्हटलं.

“आणि झोपेची गोळी,” मास्तर म्हणाले. “इस्त्रीच्या शर्टावर ब्लँकेट घातलंस.”

आम्ही इतके हसलो की गाडी हलायला लागली. मग मला रडू आलं. मी दुखणं लपवलं आणि त्यांनी त्याला नकार समजून, माझी झोप मोडते म्हणत, सभ्यपणे उशी उचलली आणि निघून गेले. मला फार वाईट वाटलं. तेही सांगितलं.

डॉक्टरांनी घातलेली बंदी सांगताना मी अवघडले. मास्तरांचा चेहरा मात्र उजळला. म्हणाले, हे तर मी पहिल्या दिवशी शिकवतो. त्यांच्या शिकवणीत पहिल्या दिवशी कोणालाही गाडी चालू करू देत नाहीत. नुसतं बसवतात. आरसे लावून घ्या, कुठला पाय कुठे ते बघा, खुर्ची पुढेमागे करा. लोक चिडतात, वेळ फुकट गेला म्हणतात. पण भीती बसल्या बसल्याच जाते, असं मास्तरांचं म्हणणं आहे.

त्यांनी किल्ली काढली आणि खिशात टाकली. मग पाय ब्रेकवरून उचलून घेतला आणि माझा हात हातात घेतला. अंधार पडेपर्यंत आम्ही तसेच बसलो. एक कुत्रा येऊन आमच्याकडे बघून गेला.

३१ मार्च, सोमवार

सुतार आला. मास्तर त्याला म्हणाले की कपाट हलवायचं नाही, पण आलाच आहेस तर लेकीच्या खोलीची कडी नीट बसव, ती सुट्टीला येईल. सुतार करवादला. म्हणाला, महिनाभर मागे लागून बोलावलंत आणि कडी? चूक माझी आहे, मी म्हटलं, आणि त्याला चहा दिला.

मास्तरांची उशी मीच परत आणली.

६ एप्रिल, रविवार

पडदे ओढले. पहिला धडाच चालू आहे. मास्तर मोठे कडक शिक्षक निघाले, मीच एकदा पुढे जायला निघाले तर म्हणाले, डॉक्टरांनी परवानगी दिलीय का? मी म्हटलं, अजून नाही. मग आरसे बघा, म्हणाले.

पिवळी गोळी बंद असल्यामुळे ऐन रंगात आल्यावर मला सात-आठ शिंका आल्या. मास्तर उठून फवारा घेऊन आले. पाठीवर हात फिरवत बसले आणि माझ्या लक्षात आलं की खालचे स्नायू सैल होते, मी न सांगता. कितीतरी महिन्यांनी मला काहीतरी हवंसं वाटलं. लपून बसलेलं मांजर पलंगाखालून नाक बाहेर काढतं तेवढंच, पण वाटलं.

डोळ्यांतली वाळू गेलीय. पंख्याची माफी मागितली.

१५ एप्रिल, मंगळवार

काल डॉक्टरांनी सांगितलं की आता हरकत नाही. घाई करायची नाही, जेल विसरायची नाही आणि दुखलं तर तिथेच थांबायचं. घरी आल्यावर मास्तरांना हे सांगताना माझ्या लक्षात आलं की ट्यूब संपलीय. उद्या दुकानातून आणते, म्हटलं. मास्तरांनी रिकामी ट्यूब उचलून तिच्यावरचं नाव वाचलं.

आज सकाळी दुकानात गर्दी होती. मी तोंडाला फडकं बांधून एकेकाला देत होते. गणिताच्या बाई रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी उभ्या होत्या. त्यांच्या मागे मास्तरांकडे शिकणारे दोघं जण. आणि त्यांच्या मागे, रांगेत, मास्तर. औषधांच्या वासाने मळमळणारा माणूस, नाकाला रुमाल न लावता उभा होता. मला वाटलं, घराची किल्ली विसरले असतील. पुढे या म्हणून खूण केली तर मान हलवून नाही म्हणाले आणि आपला नंबर येईपर्यंत थांबले.

नंबर आला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा त्यांच्या शिकवायच्या आवाजात म्हणाले, “जवळ येताना लावायची जेल द्या. बाईंनी नेली होती तीच. आमच्या घरातली संपलीय.”

दोघं विद्यार्थी एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. बाई दारातून मागे वळल्या, मास्तरांकडे नीट बघून घेतलं आणि वर्गात बरोबर उत्तर आल्यावर हलवायच्या तशी मान हलवली.

माझा हात सवयीने खाकी कागदाकडे गेला.

“कागद नको,” मास्तर म्हणाले.

मी ट्यूब तशीच त्यांच्या हातात ठेवली. आणि सासऱ्यांचा दुसरा नियम आज पहिल्यांदा मोडला. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघितलं. मास्तरांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता, आणि या वेळी त्यांनी कुठलीही गोळी घेतलेली नव्हती.

आज रविवार नाही. तरी दुपारी दुकान बंद ठेवलं.